न पाहिलेल्या बर्फाचा रंग : विल्हेल्म क्यून यांचे १८५३चे एक चित्र

गोखलेरोडवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मला युरोपीय निसर्गचित्रांचे एक पुठ्ठा निघालेले पुस्तक मिळाले. विक्रेत्याने ऐंशी रुपये सांगितले, मी साठ दिले आणि दादरला घरी येऊन पाने उलटल्यावर लक्षात आले की निम्मी चित्रपाने कोणीतरी ब्लेडने कापून नेलेली आहेत. जी उरली आहेत त्यांतले एक पान मी गेले दोन महिने रोज एकदा तरी उघडतो. विल्हेल्म क्यून या डॅनिश चित्रकाराचे ‘जंगलातील हिवाळी संध्याकाळ’ हे १८५३चे तैलचित्र त्यावर छापलेले आहे. पाने झडलेली झाडे, जमिनीवर बर्फ आणि खोडांच्या पलीकडे मावळतीचा उजेड, एवढाच काय तो ऐवज आहे. पण संध्याकाळी दिवा लावण्याआधी घरात जी एक शांतता असते, तशी काहीतरी त्या पानातून बाहेर येते, असे मला वाटते.

माझी अडचण अशी की मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. कुलू-मनालीचा बेत दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. त्यामुळे या चित्रातला बर्फ पांढरा का नाही, तो कुठे निळसर, कुठे राखाडी आणि कुठे चक्क तांबूस का दिसतो, आणि हे चित्रकाराने केले आहे की छापखान्याने, हे मला ठरवता येत नाही. दुसरे असे की पुस्तकात या चित्रकाराविषयी जेमतेम चार ओळी आहेत. मुंबईतल्या दोन-तीन चित्रकार मित्रांना विचारले, तर त्यांनी हे नाव ऐकलेलेही नव्हते. हा माणूस कोण होता, आणि असे चित्र काढणारा माणूस मागे कसा पडला, हे कोणी जाणकार सांगू शकतील का?

---

पोथीनिवास

क्यून यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते सांगतो; रंगांचा प्रश्न अधिकारी व्यक्तींसाठी सोडतो.

त्यांचा जन्म १८१९ सालचा, कोपनहेगनचा. तिथल्या कला अकादमीत ते एकर्सबर्ग यांच्या हाताखाली शिकले. डॅनिश चित्रकलेच्या ज्या काळाला ‘सुवर्णयुग’ म्हणतात, त्याचे कुलगुरू म्हणजे हे एकर्सबर्ग. पॅरिसमध्ये दाविद या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रशाळेत घडलेला हा शिक्षक विद्यार्थ्यांना उघड्यावर नेऊन समोर दिसेल ते मोजूनमापून रंगवायला लावत असे, आणि यथादर्शनाच्या, म्हणजे सपाट कागदावर अंतर व खोली दाखवण्याच्या शास्त्राच्या, बाबतीत तर तो इतका काटेकोर होता की त्याने त्यावर पुस्तकच लिहिले. त्याच वेळी हॉयेन हे कलासमीक्षक तरुण चित्रकारांना सांगत होते की इटलीचे अवशेष पुरे झाले, आता आपल्या मातीकडे पाहा. डेन्मार्कची त्या वेळची अवस्था लक्षात घेतली म्हणजे या आग्रहाचे कारण कळते : १८०७ साली ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफगोळे डागून शहराचा मोठा भाग जाळला, १८१३ साली सरकारचे दिवाळे निघाले आणि १८१४ साली नॉर्वे हातचे गेले. आकसलेल्या देशाला स्वतःचे रान, स्वतःचा किनारा आणि स्वतःची जुनी थडगी एकाएकी मोलाची वाटू लागली.

आता आपल्या चित्राचे वर्ष पाहा. १८५३, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ते वर्ष. त्या वर्षी कोपनहेगनमध्ये पटकीची मोठी साथ आली आणि जुलै महिन्यात त्या साथीत एकर्सबर्ग गेले. त्याआधीच्या पाच वर्षांत क्यून यांच्या पिढीचे वा तिच्या आसपासचे चित्रकार एकामागून एक गेले होते : कोब्के सदतिसाव्या वर्षी आजारपणात, लुंडबी एकोणतिसाव्या वर्षी युद्धावर असताना चुकून सुटलेल्या गोळीने, आणि ड्रायर छत्तिसाव्या वर्षी विषमज्वराने. क्यून मात्र चौऱ्याऐंशी वर्षे जगले आणि १९०३ साली वारले. माझ्या मते त्यांच्या विस्मरणाचे खरे कारण हेच आहे. लवकर गेलेल्यांची चरित्रे आटोपशीर असतात, शिवाय त्यांना हळहळीचा टेकू मिळतो. क्यून स्वतःच्या शैलीच्या मरणानंतरही जवळजवळ पन्नास वर्षे रंगवत राहिले. त्यामुळे सुवर्णयुगावर लिहिणारे त्यांना शेपटाला जोडतात, आणि पुढच्या पिढीत डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्कागेन या गावी जमलेल्या चित्रकारांवर लिहिणारे त्यांचा उल्लेख ‘जुन्या वळणाचे मास्तर’ एवढाच करतात.

त्यात एका आख्यायिकेची भर पडली. अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता, तो १८८८ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा निघाल्यावर मिळाला. क्यून यांनी मात्र १८६०च्या दशकातच मुलींसाठी चित्रशाळा काढली आणि ती १८९५पर्यंत चालवली. स्कागेनच्या चित्रकार आना आंकर या त्यांच्याच विद्यार्थिनी. १८८० साली त्यांचे लग्न झाले तेव्हा मास्तरांनी सांगितले म्हणे, की आता रंगांची पेटी समुद्रात फेकून दे. आनाबाईंनी ती फेकली नाही, उलट त्या गुरूपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या, आणि आज क्यून हे नाव जिथे कुठे निघते तिथे बहुधा या पेटीच्या निमित्ताने निघते. तीस वर्षे मुलींना शिकवणारा माणूस एका वाक्यापुरता उरावा, हा काव्यगत न्याय आहे की अन्याय, हे माझे मला अजून ठरवता आलेले नाही.

---

परळच्या बाई

मी शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवली आहे, आणि बर्फ मीही फक्त एकदाच, कुफरीला, तोही चिखलात कालवलेला पाहिला आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बर्फ पाहायलाच हवा असे मला वाटत नाही.

बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा बहुतेक भाग, शंभरातले ऐंशी-नव्वद हिस्से, जसाच्या तसा परत पाठवतो, म्हणून जसा उजेड तसा बर्फ. मावळतीकडे तोंड केलेल्या उंचवट्यावर तांबूस उजेड पडतो आणि तो भाग तांबूस होतो. खोडाच्या सावलीत सूर्याचा सरळ उजेड पोहोचत नाही, तिथे फक्त वरच्या आकाशाचा निळा उजेड येतो, म्हणून सावली निळी होते. ही कविकल्पना नव्हे. आपल्या गॅलरीत दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराच्या चुण्यांमध्ये निरभ्र दिवशी हीच निळाई दिसते; मात्र धोतर पांढरे आहे हे आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे डोळा ती पाहायचे नाकारतो.

मुलांना हे पटवण्यासाठी मी एक साधी युक्ती करीत असे. काळ्या कागदाला शेंगदाण्याएवढे भोक पाडायचे, तो कागद हातभर अंतरावर धरायचा आणि एक डोळा मिटून भोकातून एकेक जागा पाहायची. आजूबाजूचे सगळे झाकले गेले की ‘हा बर्फ आहे’ हे मन विसरते आणि नुसता रंग उरतो. आपण आपल्या चित्रपानावर हे करून पाहा. मग त्या पानावरच्या सगळ्यांत उजळ बर्फाशेजारी वहीचा कोरा कागद ठेवा. मी ते पान पाहिलेले नाही, पण संध्याकाळच्या चित्रातला बर्फ कोऱ्या कागदाशेजारी ठेवला की बहुतेक वेळा राखेसारखा मळकट दिसतो, हे अनुभवाने सांगते. नवशिका चित्रकार इथेच फसतो : बर्फ म्हटले की तो पांढऱ्याची नळी पिळतो, मग आकाशाला त्याहून उजळ काय द्यायचे हे त्याला उरत नाही, आणि संध्याकाळची दुपार होते. अशा चित्रात आकाशाचा उजेड वरचढ ठेवून जमिनीवरचा पांढरेपणा दाबावा लागतो. दाबूनही तो बर्फच वाटला पाहिजे, आणि सगळी परीक्षा तिथे असते.

बर्फ नाही म्हणून अडायचे कारण नाही, कारण मुंबईला मिठागरे आहेत. जी काही उरली आहेत त्यांतली भाईंदर-नायगावच्या बाजूची पश्चिम रेल्वेच्या गाडीतूनही दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये मिठाच्या राशी घातलेल्या असतात तेव्हा सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांनी त्या पाहाव्यात. पश्चिमेकडची बाजू जांभळट गुलाबी, पूर्वेकडची निळसर करडी, आणि राशीच्या पायथ्याशी, जिथे मीठ अजून ओले असते, तिथे जवळजवळ शिशासारखा रंग असतो. मी दोनदा जलरंगांची पेटी घेऊन गेले आणि दोन्ही वेळा उजेड माझ्या आधी संपला.

छपाईविषयी एवढेच, की जुन्या चार रंगी छपाईत लाल शाईचा ठसा केसभर जरी सरकला तरी झाडांच्या कडांना तांबडी किनार येते. भिंगातून पाहिलेत तर लगेच कळेल. शिवाय मूळ तैलचित्रांवरचे व्हार्निश वर्षानुवर्षांनी पिवळे पडते आणि निळ्या सावल्या हिरवट दिसू लागतात, तेव्हा जे छायाचित्रित झाले तेही चित्रकाराने ठेवलेलेच असेल असे नाही. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहातल्या जुन्या चित्रांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केलेल्या आहेत. आपले पान त्या प्रतिमेशी ताडून पाहा.

---

डेकवरून

मी चित्रकलेतला नव्हे, व्यापारी जहाजावर नोकरी केली. मात्र कोपनहेगनला एकदा नाताळच्या आदल्या आठवड्यात आमचे जहाज चार दिवस थांबले होते, आणि बाईंनी मिठागराची जी दहा मिनिटे सांगितली त्यावर मला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते.

आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा बुडतो. चौपाटीवर भेळ संपेपर्यंत अंधार झालेला असतो. कोपनहेगन साधारण ५६ अक्षांशावर आहे, आणि तिथे डिसेंबरात सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून सुमारे ११ अंशच वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. म्हणजे तिथे ऐन दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पाचपट पडते. जो दिवस उगवतो तो सात तासांचा, आणि तोही सगळा आपल्याकडच्या सकाळी साडेसातच्या उन्हासारखा तिरका. दुपारी साडेतीन-पावणेचारच्या सुमारास सूर्य बुडतो, पण तिरका घसरत बुडत असल्यामुळे उजेड लगेच जात नाही. तो पाऊण तास रेंगाळतो. मी बंदरातून शहरात चालत गेलो, चहा घेतला, परत निघालो, तरी पश्चिमेला ती तांबडी फट तशीच होती. माझ्याबरोबर रत्नागिरीचा एक खलाशी होता, तो म्हणाला, ‘साहेब, इथे दिवेलागण संपतच नाय.’

तेव्हा प्रश्नकर्त्यांना त्या पानातून दिवेलागणीची शांतता जाणवली यात काही नवल नाही. क्यून यांना असा उजेड पाहायला आणि लक्षात ठेवायला आपल्यापेक्षा बराच अधिक वेळ मिळत होता. एक मात्र सांगतो : त्या चार दिवसांत बर्फ अर्धाच दिवस होता, बाकी नुसती ओली करडी थंडी. डेन्मार्कचा हिवाळा म्हणजे सदैव शुभ्र रान, ही समजूत चित्रे आणि भेटकार्डे पाहून होते.

---

आडमुठा

‘मागे पडलेला चित्रकार’ हे वर्णन मला थोडे ओढूनताणून केलेले वाटते. ज्याची चित्रे देशाच्या राष्ट्रीय संग्रहात आहेत, तो मुंबईतल्या दोन-तीन चित्रकारांना ठाऊक नाही म्हणून उपेक्षित ठरत नाही. उद्या कोपनहेगनमध्ये कोणी आबालाल रहिमान हे नाव ऐकले नाही असे म्हणाले, तर आपण काय समजू? आबालाल तर जे. जे.मध्ये शिकून कोल्हापूरला परतले, रंकाळ्याच्या काठी वेगवेगळ्या वेळचा उजेड रंगवीत राहिले, १९३१ साली गेले, आणि आज खुद्द महाराष्ट्रात किती जणांनी त्यांचे एखादे मूळ चित्र पाहिले आहे? उपेक्षा मोजायची तर घरापासून मोजावी.

शिवाय क्यून यांच्या बाबतीत काही दोष त्यांचाही आहे. फ्रान्समधून येणाऱ्या नव्या चित्रकलेचा त्यांनी हट्टाने विरोध केला. १८५०-५१ साली ते स्वतः पॅरिसवरून इटलीला जाऊन आले होते, म्हणजे पाहिलेच नव्हते अशातला भाग नाही. पुढे बहुतेक तरुण फ्रान्सकडे पाहू लागले तेव्हा हे जुन्याच वाटेने जात राहिले.

---

पोथीनिवास

आडमुठा यांचा पहिला आक्षेप मी मान्य करतो. ‘विस्मृत’ऐवजी ‘दुसऱ्या रांगेतला’ म्हणणे अधिक नेमके होईल. दुसऱ्या आक्षेपाला मात्र मुरड घालावी लागेल. क्यून हे केवळ जुन्याला चिकटून बसलेले गृहस्थ नव्हते. अकादमीच्या शिकवण्याला कंटाळून १८७०च्या दशकात त्यांनी आपल्याभोवती तरुण चित्रकारांचा एक गट जमवला. त्या गटाला लोक ‘गुहा-अकादमी’ म्हणत, आणि प्रस्थापितांना पर्याय म्हणूनच तो उभा होता. फ्रेंच वळणाला विरोध आणि अकादमीलाही विरोध, असा हा दोन्हीकडून एकटा पडलेला माणूस होता. अशा माणसाला आपली बाजू म्हणून कोणीच मिरवत नाही, आणि इतिहास लिहिला जातो तो बहुधा कोणत्या तरी बाजूने.

आणखी एक सावधगिरी. मी वर पटकीची साथ आणि एकर्सबर्ग यांचा मृत्यू सांगितला, त्यावरून कोणी या चित्रात शोक शोधू लागेल, तर तसे करू नये. साथ उन्हाळ्यातली आहे आणि चित्र हिवाळ्याचे. सालाचा आकडा जुळला की अर्थही जुळतो, ही आपल्याकडची फार आवडती खोड आहे. चित्रातली उदासी समजायला डेकवरून यांचे ११ अंश मला अधिक उपयोगी वाटतात.

---

परळच्या बाई

मुलींच्या शाळेविषयी एक राहून गेले. रंगपेटीचा किस्सा सगळे सांगतात, पण क्यून यांच्या शाळेतूनच एमिली मुंट आणि मारी लुप्लाऊ याही बाहेर पडल्या, आणि त्या दोघींनी पुढे मुलींसाठी स्वतःची चित्रशाळा काढली. मास्तरांचे बोलणे एक आणि शिकवणे दुसरे, हे मी माझ्या एका शिक्षकाच्या बाबतीत अनुभवले आहे. ‘मुलींनी रांगोळीपुरते शिकावे’ असे ते वर्गात म्हणत, आणि छायाप्रकाशाचे आमचे कागद मात्र मुलांच्या कागदांपेक्षा दुप्पट कडकपणे तपासत. एकदा मी एका मडक्याची सावली सपाट काळी भरली, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि सावलीच्या आत परतलेला उजेड दिसेपर्यंत मला नुसते बसवून ठेवले. तो दिसायला वीस मिनिटे लागली. त्यांच्या बोलण्याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि सावलीच्या आत पाहायची सवयही गेलेली नाही.

---

गोखलेरोडवासी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी सांगितलेले करून पाहावे असे ठरवले होते.

भिंग घेऊन पान तपासले. बाईंचा संशय खरा निघाला : लाल शाई सरकलेली आहे, इतकी की चित्राच्या उजव्या कडेबाहेर कोऱ्या कागदावरही तांबड्या ठिपक्यांची बारीक रेघ उमटली आहे. संग्रहालयाची प्रतिमा शेजारी ठेवल्यावर जमिनीवरचा निम्मा तांबडेपणा छापखान्याच्या खात्यावर गेला. उरलेला निम्मा मात्र चित्रकाराचाच आहे, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा खूपच कमी जागेत, उजेडाकडे तोंड असलेल्या भागांतच आहे. काळ्या कागदाच्या भोकातून पाहिले तेव्हा ज्याला मी इतके दिवस पांढरा बर्फ म्हणत होतो, तो सिमेंटच्या ओल्या भिंतीच्या रंगाचा निघाला.

रविवारी संध्याकाळी विरार गाडी पकडून भाईंदरपुढे दाराशी उभा राहिलो. राशी मोजक्याच होत्या आणि काहींवर ताडपत्री घातलेली होती. गाडी वेगात असल्यामुळे पहिल्या खेपेला काहीच हाती लागले नाही, म्हणून नायगावला उतरून पुलावर उभा राहिलो आणि परतीच्या गाडीने पुन्हा तोच पट्टा पाहिला. तोवर सूर्य बुडून गेला होता. एका राशीची आमच्याकडची बाजू निळी होती. निळसर नव्हे, निळीच, गुळगुळीत पाटीवर खडू पुसल्यावर राहते तशी. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी ती दाखवली. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘मीठ आहे ते, पांढरंच असतं.’